सात विसा तीन

चुलीवर चहा उकळत होता, मांजर झिंग्यांच्या टोपलीभोवती घुटमळत होतं आणि केवळराम आपली एक चप्पल शोधता शोधता सगळ्या घराला बोल लावत होता. सावली गावातल्या मासे धरणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यातल्या त्या दोन खोल्यांत रोजची सकाळ अशीच उजाडायची. प्रेमिला एका हातानं टोपली उंच धरून दुसऱ्या हातानं चहात साखर टाकत होती. तिची सासू रुखमाबाई चुलीशेजारी बसली होती. म्हातारीला चार वर्षांपासून दिसत नव्हतं, पण सुनेच्या हातून साखर किती पडली ते तिला आवाजावरून कळायचं. "पुरे झाली," ती म्हणाली, आणि तेवढ्यात दारावर थाप पडली.

तिघांच्याही माना दाराकडे वळल्या. त्या मोहल्ल्यात दार वाजवून कोणी येत नाही. माणूस अंगणात पाय ठेवतो तोच हाका मारत, आणि हाक संपायच्या आत चुलीपाशी पोचलेला असतो. थाप म्हणजे कचेरीचं काहीतरी.

"जा गा, पाय कोन हाय तं," रुखमाबाईनं लेकाला सांगितलं.

"एका चपलीनं जाऊ का?" केवळराम म्हणाला. शेवटी प्रेमिलाच उठली.

दारात चंचल उभी होती. मुख्य रस्त्यावरच्या गुणवंतराव शेतकऱ्यांची मुलगी. गडचिरोलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, म्हणून सगळं गाव तिला मॅडम म्हणायचं. एरवी या वेळेला ती पर्स खांद्याला लावून एस.टी.च्या थांब्यावर असायची. आज केस विंचरलेले नाहीत, डोळे सुजलेले, आणि टॉवेलात गुंडाळलेली एक बरणी तान्ह्या लेकरासारखी छातीशी धरलेली.

"प्रेमिलाबाई, एक काम हाय तुमच्यापाशी. मासोळीचंच हाय, पन खायची मासोळी नाई."

"खायची नाई अशी कोनती मासोळी असते जी?" केवळरामनं आतून विचारलं.

मॅडमनं टॉवेल सोडला. बरणीतल्या औषधाचा वास घरात पसरला आणि मांजर झिंगे सोडून अंगणापार गेलं. बरणीत पाणी दिसत होतं, बाकी काही नाही. प्रेमिलानं बरणी उजेडाकडे धरली. मग तिला डोळे दिसले. मोहरीपेक्षा बारीक, काळे, जोडीजोडीनं. त्या डोळ्यांच्या मागं काचेची पानं लागलेली होती. बोटाएवढी लांब, बांबूच्या पानासारखी चपटी आणि इतकी आरपार की पलीकडची चूल त्यांच्यातून दिसावी.

"अव माय!" ती म्हणाली. "हे मासोळीचं पिल्लू हाय का काचेचं?"

ते समुद्रातल्या वामीचं पिल्लू होतं. वाम आपल्याकडच्या नदीतही मिळते, पण ती वेगळी. तिच्या पाठीवर काटे असतात आणि ती हातभराच्या वर जात नाही. समुद्रातली वाम माणसाच्या उंचीची होते आणि कुत्र्यासारखे दात दाखवते. तिची पिल्लं मात्र आईसारखी मुळीच दिसत नाहीत. आधी ही काचेची पानं होऊन लाटांवर तरंगतात, मग अंग आखडून गोल दोरीसारखी होतात, आणि त्यानंतर कुठं वामीसारखी वाढायला लागतात.

"आखडते म्हनजे?" प्रेमिलानं विचारलं.

"म्हनजे लांबी कमी होते. मोठी व्हायच्या आधी लहान होते."

"असं कुठी असते का वो मॅडम! आमच्या घरी तं लेकराचा सदरा सहा महिन्यांत आखूड होते."

मॅडम कित्येक दिवसांनी हसली असावी. मग ती चुलीपाशी बसली आणि चहा हातात धरून तिनं सगळं सांगितलं. पाच वर्षांपासून ती या पिल्लांवर प्रबंध लिहीत होती. दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिनं कोकणच्या किनाऱ्यावर, कोळ्यांच्या होड्यांवर उलट्या करत काढल्या होत्या आणि ही पिल्लं गोळा करून आणली होती. कुठलं पान कुठल्या मोठ्या माशाचं, हे ओळखायची एकच खात्रीची खूण असते. पिल्लाच्या अंगावर मांसाची वळसेदार घरं असतात, एकाला लागून एक, डोक्यापासून शेपटीपर्यंत. रूप बदलतं, लांबी बदलते, पण ती घरं जेवढी, तेवढेच मोठेपणी पाठीच्या कण्याचे मणके. म्हणून घरं मोजायची. मॅडमनं मोजली होती. पण एकाच पिल्लाला एकदा एकशे अडतीस यायची, एकदा एकशे सत्तेचाळीस. परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला होता, समासात एकच ओळ लिहून: मोजणी विश्वास ठेवण्याजोगी नाही. मार्चअखेरपर्यंत मुदत होती, आणि हा जानेवारी होता, १९९८ सालचा.

"मी दुर्बिणीतून पायतो, वहीत खूण करायले मान वळवतो, आन् परत पायतो तं घर हरवते," मॅडम म्हणाली. "मागच्या महिन्यात मी तुमच्याकडे मासोळी घ्यायले आली होती. तुमी जाळं विनत होता. भाव करत होता, सुटे पैसे देत होता, भाऊले शिव्या देत होता..."

"शिव्या नाई दिल्या," प्रेमिला म्हणाली.

"देल्या," केवळराम म्हणाला. त्याला चप्पल सापडली होती.

"...आन् सगळं करून तुमी म्हटलं, हे नव विसा झाले. मी घरी जाताना तेच डोक्यात घेऊन गेली. एवढ्या गोंगाटात यांचं घर हरवत कसं नाई?"

आता ज्यांनी कधी लोकरीचा स्वेटर विणला आहे त्यांना हे थोडंफार कळेल. समोर पाहुणे बसलेले असतात, आपण हो-हो करत असतो, आणि बोटं आपली टाके मोजत असतात. पण स्वेटरचं एक घर सुटलं तर फार तर बाही तिरकी होते. जाळ्याचं घर चुकलं तर सबंध जाळं पाण्यात वाकडं बसतं, मासोळी एका कडेनं निघून जाते आणि नवरा रिकाम्या हातानं घरी येतो. प्रेमिला लग्न होऊन आली तेव्हा चौथी पास होती आणि तिला जाळं विणता येत नव्हतं. रुखमाबाईनं तिला शिकवलं. वीस घरांचा एक विसा, विसाला एक खूण, बोट उचलायचं नाही, नजर हलली तरी हात हलू द्यायचा नाही. बावीस वर्षांत प्रेमिलाच्या हातचं एकही जाळं वाकडं बसलं नव्हतं. गोदावरीकाठच्या सिरोंचापर्यंत तिची जाळी गेली होती आणि तिकडचे तेलुगू बोलणारी गिऱ्हाइकं जाळं हातात घेऊन पसंतीची मान हलवायची. हा तिचा मान होता. कोणी लिहून दिलेला नव्हता, पण तिला तो पुरत होता.

"मोजून देतो," ती म्हणाली. "सैपाक झाल्यावर येत जाईन. पन एक सांगून ठेवतो. मी मोजलं तं ते मोजलं. मंग कोनी म्हनन की बाईचं चुकलं, तं मी ऐकून घेनार नाई."

धानाच्या रोवण्याला दिवसाची जी मजुरी असते तोच रोज ठरला, आणि दुसऱ्या दिवसापासून ती जायला लागली.

गुणवंतरावांच्या ओसरीला लागून एक खोली होती, पूर्वेला खिडकी. तिथं टेबलावर कॉलेजातून प्राचार्यांची परवानगी काढून आणलेली दुर्बीण होती. सूक्ष्मदर्शक हा शब्द प्रेमिलाला येत होता, पण घरात सगळे दुर्बीणच म्हणायचे. पहिल्या दिवशी तिनं डोळा लावला आणि पटकन मागं झाली. बोटाएवढं पान नदीएवढं झालं होतं. मग तिनं परत डोळा लावला, आणि या वेळी ती बराच वेळ हललीच नाही. त्या काचेच्या अंगात एकाखाली एक वळसे होते, जणू कोणी पहिल्या दिवशी मन लावून विणायला बसलं आहे. एकही घर ढिलं नाही.

"कोनाचा हात हाय जी हा," ती हळूच म्हणाली.

तिनं तिची रीत लावली. डावीकडे चिंचोक्यांची वाटी, तिच्याशेजारी रिकामी ताटली. उजव्या हातात सुई. सुईचं टोक एकेका घरावरून पुढं सरकायचं, आणि वीस झाले की डाव्या हातानं एक चिंचोका ताटलीत. टक्. मान वर नाही, डोळा बाजूला नाही. शेवटी ताटलीतले चिंचोके आणि तोंडातला उरलेला आकडा. सात विसा तीन. सात विसा चार. वहीत मॅडम पिल्लाचा क्रमांक घालायची आणि पुढं आकडा प्रेमिला स्वतः लिहायची, चौथीतल्या वळणाचा, मोठा, ओळीला टेकवून. मॅडमनं मुद्दाम तेच पिल्लू दुसऱ्या बरणीत घालून परत पुढं ठेवून पाहिलं. तोच आकडा. तिसऱ्यांदा ठेवलं.

"हे कालचंच हाय," प्रेमिला मान वर न करता म्हणाली. "याच्या शेपटीले चिमटा बसला हाय तुमचा. परीक्षा घेता का माझी?"

मॅडमनं कान पकडले.

आठव्या दिवशी प्रेमिलानं नुसतं मोजायचं सोडून एक वेगळीच गोष्ट केली. एकतीस पिल्लांमधली नऊ तिनं बाजूला काढली आणि वेगळ्या बशीत ठेवली.

"हे तुमच्या घरचे नाईत."

"म्हनजे?"

"यायचे पाच विसा न सोळा-सतरा होते. त्यायचे सात विसाच्या वर. आन् पोटाखाली पाहा, यायले काळ्या टिपक्यांची रांग हाय. वामीच्या पिल्लाले नाई. कोन्या दुसऱ्या मासोळीचे हायेत. तुमी सगळ्यायले एका बरनीत घातलं, म्हनून तं घोळ आनखी वाढला."

चंचल मॅडम दुर्बिणीला डोळा लावून दहा मिनिटं बसली. मग उठली आणि ती बशी तिनं परत खिडकीशी धरून पाहिली. पाच वर्षं ती त्या टिपक्यांकडे औषधाचे डाग म्हणून आणि कमी भरणाऱ्या आकड्यांकडे आपली चूक म्हणून पाहत आली होती.

गावात आता बोलणं सुरू झालं होतं. विहिरीवर लटारूची बायको म्हणाली, "काऊन वो प्रेमिला, मासोळी विकायचं सोडून पिल्लायच्या फासळ्या मोजून राह्यली म्हनतेत तू?" प्रेमिलानं घागर डोक्यावर घेतली. "हाव. समुद्राच्या. तुही मोजायची असन तं सांग, रोज देते मॅडम." विहिरीवर हशा पिकला आणि लटारूची बायकोही हसली.

फेब्रुवारीत नागपूरहून डोंगरवार सर आले. मॅडमचे मार्गदर्शक. कोरडा, काटेकोर माणूस. चहाच्या कपात साखर ढवळतानाही चमचा कपाला लागू न देणारा. त्यांनी वही उलटसुलट पाहिली, टिपक्यांचं ऐकून घेतलं, मान डोलावली. मग विचारलं, "मोजलं कोणी?"

मॅडमनं प्रेमिलाकडे बोट दाखवलं. सरांनी चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं. अपमान असा काही केला नाही. फक्त म्हणाले, "मग ताडून बघावं लागेल."

त्यांनी तीन पिल्लं निवडली. ही आखडून गोल झालेली, वामीसारखी दिसू लागलेली, पण मांस अजून अर्धवट काचेसारखं. म्हणजे त्यांची घरंही मोजता येत होती आणि आत कणाही तयार झाला होता. प्रेमिलानं ती सरांच्या समोर मोजली. सात विसा तीन. सात विसा एक. सात विसा चार. सरांनी आकडे आपल्या डायरीत लिहिले आणि पिल्लं नागपूरला नेली. तिथं त्यांचं मांस औषधानं पारदर्शक करायचं, हाडांना लाल रंग चढवायचा आणि मणके मोजायचे. मणके आणि घरं जुळली तर प्रेमिलाची सगळी वही खरी. नाही जुळली तर सगळी वही फुकट, आणि मॅडमचा प्रबंधही.

"किती दिवस लागन?" प्रेमिलानं विचारलं.

"तीन आठवडे."

ते तीन आठवडे तिनं जाळं विणत काढले. घरात कोणी काही विचारलं तर तुटक उत्तर द्यायची. केवळराम एकदा म्हणाला, "चुकलं तं चुकलं. तुले काय, रोज तं भेटला." त्या दिवशी त्याच्या ताटात भाजी वाढली गेली नाही. तो मुकाट्यानं मिठाशी भात जेवला आणि त्यानंतर त्या विषयावर बोलला नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सर परत आले. दुपारी तीनच्या गाडीनं त्यांना परतायचं होतं. टेबलावर त्यांनी तीन छोट्या बाटल्या मांडल्या. आत पिल्लं होती, पण मांस जवळजवळ नाहीसं झालेलं आणि कणा लालभडक, एका दोऱ्यात बारीक गुंजा ओवाव्यात तसा.

"एकशे पंचेचाळीस," सर म्हणाले. "बाईंचे एकशे त्रेचाळीस. दुसऱ्याचे एकशे त्रेचाळीस, बाईंचे एकशे एक्केचाळीस. तिसऱ्याचे एकशे सेहेचाळीस, बाईंचे चव्वेचाळीस." त्यांनी डायरी मिटली. "हात स्थिर आहे तुमचा, बाई. नजरही चांगली आहे. पण मोजणी चुकते. आमच्या कामात दोनचा फरकही चालत नाही. चंचल, मी विद्यापीठाला मुदत वाढवून मागतो, पण ही वही वापरता येणार नाही."

चंचल मॅडम खाली पाहत राहिली. प्रेमिला उभी होती. तिला वाटलं, कोणीतरी भर बाजारात तिचं जाळं पसरून दाखवतंय.

"माझं चुकत नाई," ती म्हणाली.

"तिन्ही वेळा चुकलं आहे."

"तिन्हीले दोनच कमी? चुकनारा मानूस कधी एकानं चुकते, कधी चारानं चुकते. मॅडम चुकल्या तं कधी आठ, कधी नव. मी तिन्ही बारीले दोनच कशी चुकन?"

सरांच्या भुवया किंचित वर गेल्या. पण त्यांनी घड्याळ पाहिलं. ते जेवायला बसले, आणि प्रेमिला पदर खोचून घरी निघून आली.

हाताला चाळा हवा म्हणून तिनं नवं जाळं लावलं. ओसरीच्या खांबाला दोर बांधला, बांबूची पट्टी हातात घेतली, सुईत दोरा ओवलेला होताच. पहिलं घर दोरात अडकवलं, गाठ मारली. दुसरं घर घेतलं आणि तोंडातून आपसूक आलं, "एक."

ती थांबली. हातातल्या गाठीकडे पाहिलं. मग तिच्या आधीच्या गाठीकडे पाहिलं.

"माय," तिनं सासूला हाक मारली, "हे पह्यलं घर काऊन मोजत नाई आपन?"

रुखमाबाईला प्रश्नच विचित्र वाटला. "दोराचं हाय ना ते. पह्यलं घर न शेवटचं घर दोराचं. जाळं जुनं झालं की दोरावरून कापून काढतो, ती दोन घरं दोरालेच राहतेत. जाळ्यात कोन मोजन त्यायले? तुले पह्यल्या दिवशीच सांगतलं होतं."

सांगितलं होतं. बावीस वर्षांपूर्वी. आणि तेव्हापासून प्रेमिलानं ते इतक्या वेळा पाळलं होतं की ते पाळतो आहोत हेच ती विसरली होती. दुर्बिणीखाली डोक्याला चिकटलेलं पहिलं घर तिनं दोराचं म्हणून सोडलं होतं. शेपटीचं शेवटचं घरही दोराचं म्हणून सोडलं होतं. प्रत्येक पिल्लाचं. एकतीसच्या एकतीस.

"किती वाजले गा?" तिनं ओरडून विचारलं.

"अडीच झाले असन," केवळराम म्हणाला. "काऊन?"

आदल्या आठवड्यात पुरं झालेलं, दोरावर चढवलेलं एक लहान जाळं भिंतीवर टांगलं होतं. तिनं ते खांद्यावर टाकलं आणि निघाली. केवळराम एक चप्पल पायात, एक हातात घेऊन तिच्या मागं धावला. आपली बायको जाळं घेऊन भर दुपारी रस्त्यानं का पळते आहे हे त्याला कळत नव्हतं, पण ती एकटी पळावी हे त्याला पटलं नाही.

एस.टी.च्या थांब्यावर डोंगरवार सर बाकावर बसले होते. मॅडम शेजारी उभी होती, पडलेल्या चेहऱ्यानं. प्रेमिलानं जाळं सरांच्या मांडीवर पसरलं. थांब्यावरची दहा-बारा माणसं सरकून जवळ आली.

"मोजा सर," ती धापा टाकत म्हणाली. "या काठापासून त्या काठापर्यंत एक रांग. घरं किती हायेत ते मोजा."

"बाई, माझी गाडी..."

"गाडी यायची हाय. मोजा ना जी."

सरांनी चष्मा पुसला. माणूस काटेकोर, मोजायला सांगितलं म्हटल्यावर त्यांनी बोट ठेवून मोजलं. एका घरावर दोनदा बोट गेल्यासारखं वाटलं तेव्हा पहिल्यापासून परत मोजलं.

"बासष्ट."

"तुमी सांगा जी," प्रेमिला म्हणाली. ती नवऱ्याकडे वळली. "हे जाळं कितीचं हाय?"

"तीन विसाचं," केवळराम म्हणाला. "साठचं. त्यात काय विचारायचं?"

गर्दीतल्या डोमा ढिवरानं पुढं वाकून जाळ्याकडे एक नजर टाकली. "साठचंच हाय," तो म्हणाला, जणू सरांनी भलतंच काही विचारलं होतं.

सर एकदा त्याच्याकडे, एकदा केवळरामकडे, एकदा जाळ्याकडे पाहत राहिले. प्रेमिलानं पहिलं घर चिमटीत धरलं. "हे दोराचं." मग शेवटचं धरलं. "हे दोराचं. आमी यायले मोजत नाई. आमची रीतच हाय. तुमच्या पिल्लायचीबी मी अशीच मोजली. डोक्याचं सोडलं, शेपटीचं सोडलं. म्हनून तिन्हीले दोन कमी."

मग चंचल मॅडमला हसू फुटलं, आणि ते आवरेना. डोळ्यांना पदर लावून ती हसत होती की रडत होती हे थांब्यावरच्या कोणालाच नीट सांगता आलं नसतं. सरांच्या कोरड्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी बदलत गेलं. डोंगरवार हे आडनाव इकडच्या, झाडीपट्टीतलंच. इतकी वर्षं नागपुरात राहून घासून गेलेली बोली त्यांच्या तोंडून एकाएकी बाहेर आली.

"मंग हे आधी काऊन नाई सांगतलं, बाई?"

"तुमी विचारलं का?"

तीनची गाडी आली, उभी राहिली, कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, आणि गाडी निघून गेली. सर चढले नाहीत. जाळ्याची घडी त्यांनी स्वतः घातली, काठाला लावलेले शिशाचे मणी आत घेऊन, नीट.

ओसरीजवळच्या खोलीत परत दुर्बीण मांडली गेली. सरांनी बरणीतून स्वतः पाच पिल्लं निवडली, काचेची पानं. या वेळी दोराची घरं धरून मोजायची. प्रेमिलानं चिंचोक्यांची वाटी ओढली. दारात केवळराम, त्याच्यामागं गुणवंतराव, आणि त्यांच्यामागं थांब्यावरून आलेली निम्मी माणसं. खोलीत फक्त चिंचोक्याचा आवाज. टक्. थोड्या वेळानं परत टक्. ती आकडा सांगायची, सर वहीतला जुना आकडा काढून पाहायचे, आणि प्रत्येक वेळी एकच शब्द बोलायचे: "दोन." पहिलं पिल्लू, दोन. दुसरं, दोन. पाचव्यालाही दोन झाले तेव्हा गुणवंतरावांनी दारातूनच टाळी वाजवली, आणि मग आपणच ओशाळून खोकले.

सर खुर्चीत मागं टेकले. मग चंचलला म्हणाले, पण असं की सगळ्यांना ऐकू जावं, "माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत एकाच चुकीला एवढं पक्कं धरून बसलेला माणूस मी पाहिलेला नाही. बाईंनी दोन घरं सोडली, पण जी धरली त्यातलं एकही सुटलं नाही. ताडलेल्या आठांत एकही नाही. आणि ती नऊ पिल्लं वेगळी आहेत हे तुला नाही कळलं, मलाही नाही कळलं. प्रबंधात मोजणी कोणी केली ते लिही. नाव नीट विचारून घे."

"प्रेमिला केवळराम मेश्राम," केवळराम दारातून मोठ्यानं म्हणाला. कोणी त्याला विचारलं नव्हतं. म्हणताना त्याची मान अशी ताठ झाली होती की मागच्या माणसाला आतलं काही दिसेना.

प्रेमिला चिंचोके वाटीत परत भरत होती.

सरांनी वही पुढं ओढली, खिशातून लाल पेन काढलं, पहिलं पान उघडलं. पहिल्याच ओळीत १४३ होतं, मोठं, ओळीला टेकलेलं. ते खोडून वर १४५ लिहायला त्यांनी पेन टेकवलं, तेव्हा प्रेमिलानं वहीवर हात ठेवला.

"सर, एक मांगनं हाय जी."

"बोला ना."

"माझा आकडा खोडू नका. तो तसाच राहू द्या, आन् बाजूले दोन मिळवा."